शिसवीच्या आतला ठोका

वर्गणी मागायला आलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात हे मला पाठ आहे. आधी समोरचा खुर्चीत जरा मागे सरकतो. मग आतल्या नोकराला उगाचच हाक मारतो. मग "काशीशेठ, यंदा धंद्यात काही राहिलं नाही हो," अशी सुरुवात करतो. भिवंडीतल्या लाकूडवाल्यांच्या संघटनेचा मी बरीच वर्षं चिटणीस होतो. हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे, की एखाद्यानं ते म्हटलं नाही तर मला त्याच्या तब्येतीची काळजी वाटायची.

आमची वर्गणी उत्सवासाठी नसायची. गावातल्या एका शाळेच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकामाचा वर्ग चाले. यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मुलं, पडघ्याकडच्या खेड्यांतली मुलं, झालंच तर एखाद-दुसरी मुलगीही तिथं शिकायला येई. सरकारी मदत कधीच आटली होती. मुलांची फी, सरावाचं लाकूड आणि प्रत्येकाला स्वतःची हत्यारं, म्हणजे रंधा, करवत, काटकोन बघायचा गुण्या, लाकूड कोरायची पटाशी, हा सगळा भार संघटनेवर असे. आमच्या आधीच्या वखारवाल्यांनी तो हौसेनं घेतला होता. त्यात धर्म होता तसा हिशेबही होता. हाताला वळण असलेले कारागीरच उरले नाहीत, तर आमचं लाकूड घेणार कोण?

त्यासाठी वर्षातून एकदा लिलाव व्हायचा. प्रत्येकानं आपल्या वखारीतलं चांगलं लाकूड फुकट द्यायचं आणि मग आपणच सगळ्यांनी बोली लावून ते विकत घ्यायचं. बाहेरच्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटे. पण चेक लिहिताना ज्याचा हात जड होतो तोच माणूस शेजारच्या वखारवाल्याला खाली बघायला लावायचं म्हटलं की बोली चढवत जातो. इतकी वर्षं त्या वर्गाला आमच्या उदारपणानं नाही, आमच्या खुन्नशीनं पोसलं.

मी मूळचा कशेळीचा आगरी. वडिलांनी खाडीकाठची शेती सोडून लाकडात हात घातला, मी तो पुढे नेला. वखारीला लागूनच चिरकामाची गिरणी होती. चिरकाम म्हणजे काय, तर ओंडका गाड्यावर चढवायचा, तो पट्ट्याच्या करवतीवर ढकलायचा आणि फळ्या पाडायच्या. ऐकायला सोपं आहे. पण ओंडक्याच्या आत काय आहे ते वरून दिसत नाही. झाड वाढतं तसं ते अंगाला टोचलेलं सगळं पोटात घेतं. माझ्या करवतीखाली तारेचं कुंपण निघालं आहे, शिकाऱ्याच्या गोळ्या निघाल्या आहेत, एकदा घोड्याचा नालही निघाला. लोखंडाला पातं लागलं की ते तुटून सापासारखं उडतं. म्हणून चांगला चिरकाम मिस्त्री आधी ओंडक्याभोवती फिरतो, सालीवरून हात फिरवतो, ठोकून कान लावतो. माझ्याकडचा इद्रिस मिस्त्री हे सगळं असं करायचा, की बघणाऱ्याला डॉक्टर रोग्याला तपासतो आहे असं वाटावं. तो मूळचा उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्याकडचा, पण अर्धं आयुष्य भिवंडीत गेलेलं. माझ्याशी हिंदी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि करवतीशी आपली भोजपुरी बोलायचा.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने असत. एक कापडवाले शेठ प्रत्येक फळीचा वास घेत, कारण त्यांच्या बायकोला म्हणे सागाच्या वासानं माहेर आठवून रडू येई. एका म्हाताऱ्या विणकराला जुन्या मागाच्या लाकडाचीच खाट हवी होती. नव्या लाकडावर झोप लागत नाही, त्यात आवाज नसतो, असं त्याचं म्हणणं. तेव्हा मी हसलो होतो.

ज्या वर्षाबद्दल लिहितो आहे त्या वर्षी भिवंडीत भारनियमन जोरात होतं. बाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ अंधार एवढाच कळेल. आमच्यासाठी त्याचा अर्थ शांतता असा होता. या गावात दिवसरात्र माग चालतात. तो खडखडाट आम्हाला ऐकूच येत नाही, कारण तो आमच्या कानांत जन्मापासून बसलेला आहे. वीज गेली की सगळे माग एकदम थांबतात. भर दुपारी, कडक उन्हात, अख्खं गाव श्वास रोखून उभं राहिल्यासारखं वाटतं. मग लांबच्या गल्लीतलं पोर रडलेलं ऐकू येतं, कुणाच्या तरी घरी भांडं पडलेलं ऐकू येतं. मला ती शांतता कधीच आवडली नाही.

गिरण्या बंद, माग बंद, म्हणजे धंदाही बंद. त्यातून प्लायवूडनं आमच्या पोटावर पाय दिलेलाच होता. लिलावासाठी फिरायला लागलो तर सगळीकडून नकार. वर्ग चालवणारे साळवी सर माझ्या वखारीत येऊन बसले. एका कारखान्यात साचे बनवायच्या खात्यात नोकरी केलेला हा माणूस. बोलणं मोजकं, देवधर्म शून्य.

"या वर्षी हत्यारांचं राहू दे," ते म्हणाले. "पण फी भरली गेली नाही तर शाळा शेड परत मागणार आहे. तिथं त्यांना गाड्या लावायच्यात. एकदा शेड गेली की वर्ग संपला."

मी बघतो म्हटलं. बघण्यासारखं काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात सोनूबाय आली. पडघ्याच्या पलीकडच्या एका गावातली, साठीच्या आसपासची, काटक बाई. डोक्यावर पदर, हातात छत्री. वखारीच्या दारात उभी राहून तिनं थप्प्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "सुताराच्या शालंतल्या पोरांसाठी लाकूर गोला करतात ते तुमीच का, दादा?"

मी हो म्हणालो.

"मना झार द्याचा हाय. शिसव हाय. मोठा हाय."

पुतण्यांनी जमीन गोडाऊनवाल्याला विकली होती. बांधावरची शिसव तिच्या हिश्श्यात येत होती. झाड पाडणार हे नक्की झालं होतं, ठेकेदार किंमत द्यायलाही तयार होता. पण तिला ते विकायचं नव्हतं, शिकणाऱ्या मुलांनाच द्यायचं होतं.

जुनी शिसव म्हणजे आमच्या धंद्यातलं सोनं. मी पाणी मागवलं, चहा मागवला. म्हटलं, "मावशी, तुमची काही अट?"

"अट न्हाय. चिरताना मना बोलवाचा. माज्याबगर चिरू नका."

झाडावर माणसांचा जीव असतो, मी हे खूप पाहिलेलं होतं. लगेच कबूल झालो.

परवाना काढण्यात बरेच दिवस गेले. शेवटी वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का बसलेला तो ओंडका ट्रकमधून वखारीत उतरला तेव्हा आजूबाजूचे वखारवाले बघायला आले. सरळसोट, कवेत न मावणारा, कुठं गाठ नाही, पोकळी नाही. इद्रिसनं त्याच्याभोवती चक्कर मारली, हात फिरवला, ठोकलं. "सेठ, हीरा है," म्हणाला. कल्याणच्या एका फर्निचरवाल्यानं तिथंच मला सांगून टाकलं, की लिलावात हा मीच घेणार. मी साळवी सरांना निरोप पाठवला, की शेडची काळजी सोडा.

नंतर एका दुपारी वीज गेली. माग थांबले. मी गादीवर बसून पेपर वाचत होतो. इद्रिस आत आला. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता, पण तो उन्हाचा नव्हता.

"सेठ, जरा बाहर आइए. अंदर कोई ठोक रहा है."

"कुणाच्या अंदर?"

"लकड़ी के."

मी हसलो. ताज्या लाकडात भुंग्याची अळी असते. ती आतून लाकूड कुरतडते, आणि भोवती शांतता असली की तो आवाज हातभरावरून ऐकू येतो. करकर, करकर. नव्या हमालाला घाबरवायची ही आमची जुनी गंमत. इद्रिसनं तो आवाज माझ्याइतकाच ऐकलेला होता. म्हणूनच तो घाबरला होता, हे मला ओंडक्याजवळ गेल्यावर समजलं.

ती करकर नव्हती. ठक, ठक. मग थांबणं. कुणीतरी पटाशीवर दोन ठोके घालावेत आणि मग केलेलं काम डोळ्यांजवळ नेऊन बघावं, इतका वेळ थांबणं. मग पुन्हा ठक, ठक. मी ओंडक्यावर तळहात ठेवला. ठोका हाताला लागत होता, बंद दारापलीकडून कुणी दार वाजवावं तसा.

वीज आली. माग सुरू झाले आणि सगळं त्या खडखडाटात बुडालं. मी इद्रिसला म्हणालो, "कुणाला बोलू नकोस." पण हमालांनी ऐकलं होतं. चार दिवसांत सगळ्या लाकूडबाजारात तेच बोलणं झालं. वीज गेली की लोक आमच्या वखारीच्या कुंपणाशी येऊन उभे राहत. भर उन्हात तीस-चाळीस माणसं, एक अक्षर न बोलता, एका ओंडक्याकडे कान लावून. मी कितीतरी मयती पाहिल्यात, त्यातही इतकी चूप माणसं पाहिली नव्हती.

कल्याणच्या फर्निचरवाल्याचा फोन आला. "काशीशेठ, माझ्या शोरूममध्ये बायका-मुलं येतात. मला नको ते लाकूड." बाकीच्यांनी तर मला रस्त्यात टाळायला सुरुवात केली. संघटनेच्या अध्यक्षांनी सुचवलं, की ओंडका गुपचूप खाडीत सोडून द्या. साळवी सर येऊन गेले. त्यांनीही ऐकलं. बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "लाकूड सुकतं तेव्हा तडकतं, त्याचा आवाज होतो." मी म्हटलं, "सर, असा?"

मी सोनूबायला बोलावणं धाडलं.

ती दुपारीच आली. वीज जायची वेळ झाली होती. मी तिला आधी काहीच सांगितलं नाही, खुर्ची दिली, पण ती सरळ ओंडक्यापाशी गेली आणि जमिनीवर बसली. माग थांबले. तिनं सालीला गाल लावला. ठक, ठक. तिच्या तोंडावर भीती नव्हती. शेजारच्या खोलीत घरचं माणूस जागं आहे हे कळल्यावर होतो तसा चेहरा झाला होता.

"तुमाला पन ऐकाला येतय?" तिनं मला विचारलं.

"सगळ्यांना येतं, मावशी."

तिनं डोळे मिटले. "मना वाटला, मनाच येतय. इतकी वर्सं."

मग तिनं सांगितलं. तिचा नवरा शेतकरी, पण हात सुताराचा. बैलगाड्यांची चाकं, नांगर, दारं, गावातलं सगळं तोच करायचा, त्या शिसवीच्या सावलीत बसून. कुणी शिकवलेलं नव्हतं. तरुणपणी भिवंडीतल्या या वर्गात यायची त्याला फार इच्छा होती. बापानं सोडलं नाही, म्हणाला, शेती कोण करील? "तवापासून त्याला वाटाचा, आपला काम अर्धा हाय. सांधा बसला तरी म्हनाचा, शिकलेल्यानं यापेक्षा चांगला केला असता. दोन ठोके मारी न् बघत बसं. मी म्हनाची, अरं, बरा हाय रं! पन त्याला न्हाय पटाचा."

एक दिवस गणेशपुरीकडे कुणाच्या तरी घराच्या दारांचं काम आलं. जाताना त्यानं आपली आवडती पटाशी शिसवीच्या बुंध्यावरच्या एका खाचेत ठोकून ठेवली. दुपारी जेवायला उठताना रोज ठेवायचा तशीच. "आलोच," म्हणाला. त्या गावात तो पोचलाच नाही. त्याला एसटीत बसताना पाहणारा माणूस भेटला, उतरताना पाहणारा कुणी भेटला नाही. पोलीस झाले, देवऋषी झाले. बाईनं पटाशीला हात लावला नाही. त्यानं ठेवलेली, त्यानंच काढायची. झाडानं हळूहळू ती गिळली. आधी पातं गेलं, मग मूठ, मग वरून सालही मिटली.

"मंग एका दुपारी आवाज आला. मी म्हटला, सुतारपक्षी आसंल. पन पक्षी कदी दिसला न्हाय."

इद्रिस माझ्या मागे उभा होता. त्याला बाईची भाषा पूर्ण कळत नव्हती, पण दुवा मागताना बांधतात तसा त्यानं डोक्यावर रुमाल बांधला होता.

"मावशी, मग झाड आम्हाला का दिलंत?" मी विचारलं.

"गोडाऊनच्या खाली त्याला कसा टाकू, दादा? आनि विकला तर कुनाच्या घरी जाईल, काय म्हाईत. त्याला शिकाचा होता. शिकनाऱ्यांत ऱ्हाऊ दे."

मी इद्रिसकडे पाहिलं. आत लोखंड आहे हे आता माहीत होतं, पातं तुटून माणूस जायबंदी होऊ शकत होता. तो म्हणाला, "मैं चीरूँगा. धीरे-धीरे चीरूँगा. मगर अम्मा यहीं बैठेगी."

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज असताना ओंडका गाड्यावर चढला. सोनूबायनं खाचेची जागा दाखवली. वरून काहीही दिसत नव्हतं. इद्रिसनं ती जागा खडूनं आखून सोडली आणि दोन्ही बाजूंनी अंगाअंगानं फळ्या काढायला सुरुवात केली. जांभळट काळा गाभा उघडत गेला. अळीचं एकही भोक नाही. कुठं तडा नाही. मी प्रत्येक फळी स्वतः उलटीपालटी करून पाहिली. अळी सापडावी म्हणून मी मनातून देवाची विनवणी करत होतो, असं आज लिहायला हरकत नाही.

मधला जाड तुकडा उरला. तो करवतीवर न घालता पाचर मारून फोडायचा असं ठरलं. इद्रिसनं पाचर लावली, घण घातला. तुकडा रेषेत उकलला आणि भाकरीचे दोन पदर सुटावेत तसा दोन्ही बाजूंना पडला.

आत पटाशी नव्हती.

पटाशीची जागा होती. लांब पातं, त्याला खांदा, पुढे गोल मूठ, असा साच्यातून काढल्यासारखा रिकामा आकार, अर्धा या तुकड्यात, अर्धा त्यात. लोखंड लागलं की लाकूड काळं पडतं, तशी पात्याच्या कडेनं काळी रेघ होती. पण गंजाचा कण नाही, कुजलेल्या मुठीचा भुसा नाही. मी बोट घातलं. मुठीची जागा आतून गुळगुळीत होती, रोज हात लागून वापरातल्या वस्तूला येते तशी चकाकी होती. चारी बाजूंनी घट्ट, जिवंत लाकूड. तिथून काही बाहेर पडायला सुईएवढी वाट नव्हती.

इद्रिस मागे सरकला. हमाल केव्हाच पळाले होते. सोनूबाय वाकली, त्या रिकाम्या जागेवरून तिनं हात फिरवला आणि शांतपणे म्हणाली, "घेतली त्यानं."

त्या दुपारी वीज गेली तेव्हा मी फळ्यांच्या थप्पीजवळ मुद्दाम उभा राहिलो. काहीही ऐकू आलं नाही. मला वाटलं होतं हायसं वाटेल. वाटलं नाही. वखार कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी वाटत होती.

लिलावाच्या दिवशी मी ठरवलं, की लपवायचं नाही. दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले आणि जे झालं ते सांगितलं. हॉलमध्ये एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. लोक रांगेनं आले, वाकून पाहिलं, कुणी बोट घालायची हिंमत केली नाही. मग मी शिसवीची बोली पुकारली. पहिली हाक, दुसरी हाक. पंखा फिरत होता तेवढाच आवाज.

बोली लागली नाही. मी ते लाकूड बाजूला ठेवलं आणि पुढचा माल पुकारला, तो होता कुणीतरी दिलेला बाभळीचा वाकडा ओंडका. आणि काय झालं कुणास ठाऊक, मागून एक हात वर झाला. मग दुसरा. नेहमीच्या खुन्नशीतलं त्यात काही नव्हतं, कुणी कुणाकडे बघतही नव्हतं. सगळे त्या टेबलाकडे बघत होते आणि बोली चढवत होते. ज्यांनी मला दारातून परत पाठवलं होतं ते शेठ पॅकिंगच्या खोक्यांच्या हलक्या फळ्यांवर तुटून पडले. त्या दिवशी बाभळीला शिसवीचा भाव आला. असं देणं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. रिकाम्या हातानं त्या हॉलच्या बाहेर पडायची कुणाची छाती झाली नाही, एवढंच मला समजलं. शेड वाचली. प्रत्येक विद्यार्थ्याला नवी हत्यारं मिळाली.

शिसव वर्गाकडे गेली. साळवी सरांनी ती सरावाला काढली. अशा लाकडावर शिकायला मिळणं म्हणजे चैन. सोनूबाय कधीकधी शुक्रवारी येई. मागांना सुट्टी असल्यानं त्या दिवशी गाव शांत असतं. मागच्या बाकावर बसायची, कुणाशी बोलायची नाही, वर्ग सुटला की जायची. मुलांना तिची सवय झाली.

काही महिन्यांनी साळवी सर वखारीत आले. चहा घेतला, तरी उठेनात.

"काशीनाथ, एक विचारू? वेडा म्हणू नका. मी 'थांबा' म्हटलं, की सगळी मुलं हात थांबवतात. सगळी. आणि मग दोन ठोके येतात."

मी म्हटलं, "कुठून?"

"शेडमधून. कुठून ते नाही सांगता येत. आधी मी मुलांवर ओरडलो. मग एकेकाच्या हाताकडे बघत राहिलो. कुणी नाही." त्यांनी कप बाजूला सारला. "पण मला सांगायचंय ते हे नाही. मी आयुष्यभर शिकाऊ लोकांचे ठोके ऐकत आलोय. सुरुवातीला हा ठोका उथळ पडायचा. मनगटातून यायचा. आता खांद्यातून येतो. हात बसत चाललाय."

देव न मानणारा माणूस हे सांगत होता, आणि सांगताना त्याच्या आवाजात नकळत शिक्षकाचं समाधान होतं. मला त्या ठोक्यांपेक्षा त्या समाधानाचीच जास्त भीती वाटली.

वर्षाच्या शेवटी परीक्षा झाली. प्रत्येकानं शिसवीचा एक सांधा करून द्यायचा होता, खिळा नाही, सरस नाही, नुसती लाकडात लाकूड बसवलेली पकड. सरांनी टेबलावर मांडून पाहिले तर एक सांधा जास्त. बाकी सगळ्यांवर पेन्सिलनं नावं होती, त्याच्यावर नव्हतं. सरांनी मला बोलावून घेतलं. तो सांधा मी हातात घेतला. दोन तुकडे कुठं मिळतात ते दिसत नव्हतं, नखाला लागत नव्हतं. वर्गातल्या कुणाचाही हात तेवढा तयार नव्हता, असं सर म्हणाले. बाईची दया येऊन एखाद्या मुलानं गुपचूप केला असेल, असं मी म्हणतो. दिवसाउजेडी अजूनही तेच म्हणतो.

"मार्क दिले?" मी विचारलं.

"द्यावेच लागले," सर म्हणाले.

त्या वर्षानंतर वर्ग आणखी थोडी वर्षं चालला. मग मुलं येईनाशी झाली. मशीनवर तयार दारं मिळायला लागली, आणि आम्ही व्यापाऱ्यांनीच ती विकली. याचं वाईट वाटतं, पण विकली. माझ्या वखारीच्या जागी आज दुसऱ्याचं गोडाऊन आहे. इद्रिस गावी परत गेला.

पण त्या परीक्षेनंतर लगेचच, वर्ग चालू होता तेव्हाच, तो सांधा घेऊन मी सोनूबायच्या गावी गेलो होतो. पावसाळा लागला होता. जिथं शिसव होती तिथं पत्र्याची लांबच लांब भिंत उभी राहिलेली. तिच्या खालच्या अंगाला बाईकडे एक पट्टा उरला होता, तिथं ती लावणीसाठी भाताचं आवण, म्हणजे रोपं, काढत होती. मला पाहून बांधावर आली, हात पाण्यात बुचकळून पुसले. मी तो लाकडाचा तुकडा पुढे केला आणि सर जे म्हणाले ते सगळं सांगितलं.

तिनं तो उलटा करून पाहिला. दोन्ही हातांनी धरून ओढून पाहिला, सगळा जोर लावून. सुटला नाही. मग तिनं सांध्यावरून अंगठा फिरवला. पलीकडे गोडाऊनमध्ये ट्रक मागे घेत होते.

"शुक्रवारी या," मी म्हटलं. "नवीन मुलं आलीत वर्गात."

"आता कशाला येऊ, दादा?" ती म्हणाली. "त्याचा शिकून झाला."

लाकूड तिनं ओच्यात घातलं, पदर खोचला आणि पुन्हा आवणात वाकली.